एक पत्रक आणि अठ्ठावीस न्यायाधीश

विधिमंडळाला आपल्या अवमानाबद्दल माणसाला तुरुंगात पाठवता येते आणि उच्च न्यायालयाला बेकायदा अटकेतून माणूस सोडवता येतो. हे दोन्ही अधिकार राज्यघटनेनेच दिलेले आहेत. एकाच माणसावर दोन्ही अधिकार एकाच वेळी चालवले गेले तर अखेरचा शब्द कोणाचा, हे मात्र घटनेत सरळ लिहिलेले नाही. मार्च १९६४ मध्ये उत्तर प्रदेशात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. विधानसभेने उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांना पकडून सभागृहापुढे आणण्याचा ठराव केला आणि तो अंमलात येऊ नये म्हणून त्याच न्यायालयाचे बाकीचे सर्व २८ न्यायाधीश एका पीठावर बसले. केशव सिंह प्रकरण या नावाने ओळखला जाणारा हा संघर्ष भारतीय विधिमंडळ आणि न्यायालय यांच्यातला सर्वांत उघड संघर्ष म्हणावा लागेल.

त्याचे मूळ घटनेच्या अनुच्छेद १९४ मध्ये आहे. संसदेसाठी हीच तरतूद अनुच्छेद १०५ मध्ये आहे. आमदाराला सभागृहात भाषणाचे स्वातंत्र्य आहे, तिथे बोललेल्या शब्दाबद्दल वा दिलेल्या मताबद्दल त्याच्यावर कोर्टात खटला चालत नाही, इतके या अनुच्छेदाच्या पहिल्या दोन खंडांत स्पष्ट आहे. अडचण तिसऱ्या खंडाची. सभागृहाचे बाकीचे विशेषाधिकार विधिमंडळाने कायदा करून ठरवावेत आणि तसा कायदा होईपर्यंत घटना अंमलात येताना ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला जे विशेषाधिकार होते तेच लागू राहतील, असे त्यात म्हटले होते. स्वतंत्र देशाच्या घटनेत परक्या देशाच्या सभागृहाचा दाखला कशाला, अशी हरकत ह. वि. कामत यांनी घटना समितीतच घेतली होती. विशेषाधिकारांची सगळी यादी घटनेत घालायची तर पंचवीसेक पाने त्यातच जातील, असे डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले. व्यवहाराच्या दृष्टीने उत्तर बिनतोड होते. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय कायमची होऊन बसेल, याचा अंदाज त्या वेळी फारसा कोणाला आला नसावा.

ब्रिटनमध्येही या अधिकारांचा इतिहास सरळ नाही. न्यूगेट तुरुंगात सापडलेल्या एका पुस्तकाला तुरुंग निरीक्षकांनी आपल्या अहवालात अश्लील ठरवले. प्रकाशक स्टॉकडेल याने अहवाल छापणाऱ्या हॅन्सार्डवर बदनामीचा दावा लावला. अहवाल कॉमन्सच्या हुकमाने छापला होता, तेव्हा कोर्टाने त्यात पडू नये, असा बचाव होता. १८३९ मध्ये लॉर्ड डेन्मन यांच्या न्यायालयाने तो फेटाळला. एका सभागृहाच्या ठरावाने देशाचा कायदा बदलत नाही, असे न्यायालयाने स्वच्छ सांगितले. त्यानंतर नुकसानभरपाईची वसुली करायला मिडलसेक्सचे दोन शेरीफ गेले, तेव्हा कॉमन्सने त्या दोघांनाच कैदेत टाकले. १८४० मध्ये त्यांच्या सुटकेचा अर्ज त्याच न्यायालयापुढे आला आणि त्याच डेन्मन यांना तो नाकारावा लागला. कारण सभागृहाच्या वॉरंटात ‘अवमानाबद्दल’ एवढेच लिहिले होते. अवमान कसा, कशामुळे, याचा त्यात उल्लेख नव्हता. कारण दिलेले नसेल तर न्यायालय ते तपासणार कसे? कारण न सांगणाऱ्या अशा वॉरंटला ‘सर्वसाधारण वॉरंट’ म्हणतात. सव्वाशे वर्षांनी लखनौच्या वादात दोन्ही बाजूंच्या वकिलांनी या दोन इंग्लिश निकालांचा कीस काढला.

भारतात पहिली ठिणगी मुंबईत पडली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकातल्या मजकुरावरून उत्तर प्रदेश विधानसभेने १९५२ मध्ये हक्कभंगाची कारवाई केली. साप्ताहिकाचे होमी मिस्त्री यांना मुंबईत पकडून लखनौला नेले आणि तिथल्या एका हॉटेलात अध्यक्षांच्या ताब्यात ठेवले. आठवडा होत आला तरी त्यांना मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले नव्हते. अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलेच पाहिजे, असे अनुच्छेद २२ सांगतो. तेवढ्या एका मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. म्हणजे मूलभूत हक्क विशेषाधिकारापेक्षा वरचढ ठरला.

१९५८ मध्ये मात्र पारडे फिरले. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ दैनिकाने बिहार विधानसभेच्या कामकाजातून वगळलेले भाषण छापले होते. संपादक शर्मा यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो अमान्य केला आणि विशेषाधिकारापुढे हे स्वातंत्र्य टिकत नाही असे ठरवले. न्या. सुब्बा राव एकटे विरुद्ध होते. या निकालातले एक निरीक्षण पुढच्या सगळ्या इतिहासाला पुरले. विधिमंडळाने विशेषाधिकारांचा कायदा केला तर तो इतर कायद्यांप्रमाणे मूलभूत हक्कांच्या कसोटीला उतरावा लागेल. कायदा केलाच नाही तर घटनेनेच दिलेले, कॉमन्सकडून आलेले अधिकार जसेच्या तसे हाताशी राहतील. कायदा न करण्यातच सभागृहांचा फायदा आहे, हे त्यानंतर कोणाला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

या पार्श्वभूमीवर केशव सिंह यांचे पत्रक आले. ते गोरखपूरचे. काँग्रेसचे आमदार नरसिंह नारायण पांडे यांच्यावर भ्रष्टाचाराचा आरोप करणारे पत्रक त्यांनी आणखी दोघांच्या सह्यांनिशी छापून वाटले. पांडे यांनी हक्कभंगाची तक्रार केली. विशेषाधिकार समितीने दोष निश्चित केला आणि सभागृहाने सगळ्यांना कडक समज देण्याचे ठरवले. शिक्षा नाममात्र होती. बाकीचे लखनौला आले, समज ऐकून परत गेले. केशव सिंह आले नाहीत. रेल्वेच्या तिकिटाला पैसे नाहीत, असे त्यांनी कळवले.

शेवटी वॉरंट काढून त्यांना पकडून आणावे लागले. १४ मार्च १९६४ रोजी ते सभागृहात उभे केले गेले ते अध्यक्षांकडे पाठ करून. अध्यक्ष मदनमोहन वर्मा यांनी नाव विचारले, तरी उत्तर नाही. त्यातच त्यांनी ११ मार्चला अध्यक्षांना लिहिलेले पत्र वाचून दाखवले गेले. पत्रकातला शब्द न् शब्द खरा आहे आणि समज देण्याचा निर्णय ही नादिरशाही आहे, असा त्याचा आशय होता. सभागृहाने तिथल्या तिथे ठराव करून त्यांना सात दिवसांच्या कैदेची शिक्षा दिली.

कैदेचे पाच दिवस गेले. १९ मार्चला अ‍ॅड. सॉलोमन यांनी उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठापुढे केशव सिंह यांच्या सुटकेसाठी अर्ज केला. पीठावर न्या. नसीरुल्ला बेग आणि न्या. जी. डी. सहगल होते. सरकारी वकिलांच्या संमतीने सुनावणी दुपारी तीनला ठेवण्यात आली, पण तीनला सरकारतर्फे कोणी हजर नव्हते. न्यायाधीशांनी अर्ज दाखल करून घेतला, अंतिम निर्णय होईपर्यंत जामीन दिला आणि केशव सिंह बाहेर आले. सरकारची बाजू त्या दुपारी मांडली गेली असती तर पुढचे बरेच टळले असते. कैद सभागृहाच्या हुकमाने झालेली आहे, वॉरंट अमुक स्वरूपाचे आहे, एवढे सांगायला एक वकील पुरेसा होता. तो का आला नाही, यावर नंतर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले.

विधानसभेने २१ मार्चला ठराव केला. केशव सिंह, त्यांचे वकील सॉलोमन आणि न्या. बेग व न्या. सहगल या चौघांनी सभागृहाचा अवमान केला आहे, केशव सिंह यांना उरलेल्या शिक्षेसाठी ताबडतोब पुन्हा कैदेत टाकावे आणि बाकीच्या तिघांना पकडून सभागृहापुढे आणावे, असा तो होता. आपल्या अटकेचा ठराव झाल्याची बातमी दोन्ही न्यायाधीशांनी त्या संध्याकाळी रेडिओवर ऐकली. २३ मार्चला वॉरंट निघाली. ती बजावायची होती विधानसभेच्या मार्शलनी आणि लखनौच्या आयुक्तांनी.

न्यायाधीशांपुढे एकच वाट होती. आयुष्यभर इतरांचे अर्ज ऐकणारे हे दोघे स्वतः अर्जदार होऊन अलाहाबादला आपल्याच न्यायालयात गेले. अनुच्छेद २११ प्रमाणे उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या कामकाजातील वर्तनावर विधिमंडळात चर्चासुद्धा करता येत नाही, मग अटक कशी करता येईल, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. प्रकरणाचे गांभीर्य ओळखून मुख्य न्यायमूर्तींसह सगळे २८ न्यायाधीश पीठावर बसले आणि वॉरंटच्या अंमलबजावणीला त्यांनी स्थगिती दिली. सॉलोमन यांनाही तसेच संरक्षण मिळाले.

इथे सरकार कात्रीत सापडले. विधानसभेकडे मार्शलपलीकडे फौजफाटा नसतो आणि न्यायालयाकडे तेवढाही नसतो. हुकूम कोणाचाही असो, तो शेवटी पोलीस आणि प्रशासन अंमलात आणते. लखनौच्या आयुक्तांकडे आता दोन हुकूम होते. वॉरंट बजावले तर न्यायालयाचा अवमान होणार होता, न बजावले तर विधानसभेचा. मुख्यमंत्री सुचेता कृपलानी विधानसभेला जबाबदार होत्या, पण न्यायालयाचा आदेश पाळणे त्यांच्या सरकारला घटनेने बंधनकारक होते. ज्या बाजूचा हुकूम सरकारने पाळला असता ती जिंकली असती. म्हणजे घटनेचा एवढा मोठा प्रश्न पोलिसांच्या एका कृतीने निकालात निघाला असता. हा धोका लखनौत आणि दिल्लीत वेळीच ओळखला गेला, हे त्या पिढीच्या राज्यकर्त्यांचे मोठेपण मानले पाहिजे.

२५ मार्चला विधानसभा एक पाऊल मागे आली. न्यायाधीशांना आणि वकिलांना बाजू मांडू न देता दोषी धरण्याचा हेतू नव्हता, असा खुलासा करून तिने वॉरंट मागे घेतली आणि तिघांनी ६ एप्रिलला विशेषाधिकार समितीपुढे यावे असे सुचवले. न्यायालयाने त्यालाही स्थगिती दिली. दरम्यान २६ मार्चला, नेहरू मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचे मत मागितले. पाच प्रश्न होते. त्यांचा सारांश असा की सभागृहाने शिक्षा दिलेल्या माणसाचा अर्ज उच्च न्यायालय घेऊ शकते का, जामीन देऊ शकते का आणि तसे करणारा न्यायाधीश सभागृहाचा अवमान करतो का.

सुनावणी सात न्यायाधीशांपुढे झाली. सरन्यायाधीश होते साताऱ्यात जन्मलेले प्र. बा. गजेंद्रगडकर. त्यांनी ते पद फेब्रुवारी १९६४ मध्येच स्वीकारले होते. उत्तर प्रदेश विधानसभेची बाजू मांडली महाराष्ट्राचे महाधिवक्ता होरमसजी सीरवाई यांनी आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची बाजू मांडली मोतीलाल सेटलवाड यांनी. उत्तर प्रदेशातले भांडण होते, पण दिल्लीत ते मुंबईच्या वकिलीत घडलेल्या दोन दिग्गजांमध्ये लढले गेले. सीरवाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकले की आपण हजर आहोत याचा अर्थ विधानसभा या न्यायालयाचा अधिकार मान्य करते असा नाही. सभागृहाचे विशेषाधिकार किती, हे सभागृहच ठरवील, ही त्यांची मूळ भूमिका होती.

त्यांचा युक्तिवाद सुसंगत होता. कॉमन्सचे सगळे अधिकार भारतीय सभागृहांना मिळाले आहेत. सर्वसाधारण वॉरंट काढून तुरुंगात टाकणे हा त्यांपैकी एक अधिकार आहे आणि अशा वॉरंटमागचे कारण इंग्लिश न्यायालय तपासत नाही. मग भारतीय न्यायालयाने का तपासावे? मिडलसेक्सच्या शेरीफांचा दाखला त्यासाठीच होता.

३० सप्टेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मतांनी उत्तर दिले. बहुमताचे मत गजेंद्रगडकरांनी लिहिले आणि त्यात ते थेट मुळाशी गेले. ब्रिटनमध्ये संसद सार्वभौम आहे. भारतात सार्वभौमत्व लिखित घटनेचे आहे आणि विधिमंडळ, सरकार, न्यायालय या तिन्ही संस्था त्या घटनेतूनच जन्मल्या आहेत. तेव्हा आपल्या मर्यादा ठरवण्याचा अखेरचा अधिकार विधिमंडळ स्वतःकडे घेऊ शकत नाही, घटनेचा अर्थ लावणे न्यायालयाचे काम आहे. कॉमन्सच्या वॉरंटला न्यायालये मान देत आली, कारण ब्रिटिश संसद एकेकाळी स्वतःच देशातले उच्चतम न्यायालय होती. भारतातले कोणतेही विधिमंडळ कधी न्यायालय नव्हते. म्हणून कॉमन्सचा हा विशिष्ट अधिकार त्यांना वारशाने मिळालाच नाही. सभागृहाने माणसाला कैदेत टाकले तर तो जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी, म्हणजे अनुच्छेद २१ चा आधार घेऊन, उच्च न्यायालयात जाऊ शकतो. त्याचा अर्ज ऐकणारे न्यायाधीश आणि तो दाखल करणारा वकील सभागृहाचा अवमान करत नाहीत. अनुच्छेद २११ विषयीही बहुमताला शंका नव्हती. ज्या वर्तनाची चर्चा करायला बंदी आहे त्याबद्दल शिक्षा देता येणे शक्यच नाही.

न्या. ए. के. सरकार यांनी भिन्न मत नोंदवले. घटनेने कॉमन्सचे अधिकार दिले आहेत तर सर्वसाधारण वॉरंटचा अधिकारही त्यात येतो, असे त्यांचे म्हणणे होते. घटनेच्या शब्दांशी त्यांचे वाचन अधिक जवळचे आहे, हे मान्य करायला हवे. पुढे सीरवाई यांनीही आपल्या राज्यघटनेवरच्या ग्रंथात बहुमताच्या मतावर कठोर टीका केली. तरीही बहुमताची दिशाच योग्य होती. शिक्षा देणारा स्वतःच फिर्यादी असेल आणि शिक्षेचे कारण सांगायलाही तो बांधलेला नसेल, तर नागरिकाला कुठे तरी दाद मागता आली पाहिजे. अनुच्छेद २१ लिहिणाऱ्यांना विधिमंडळापुरता अपवाद ठेवायचा असता तर त्यांनी तो ठेवला असता.

बहुमताने एक पथ्य पाळले. सभागृहाबाहेर, सदस्य नसलेल्या व्यक्तीने केलेल्या अवमानापुरतेच आपले उत्तर आहे, असे त्याने बजावले. शिवाय केशव सिंह यांची शिक्षा योग्य होती की नाही, हे सांगायचे त्याने टाळले. तो अर्ज उच्च न्यायालयात पडून होता आणि तिथेच तो निकाली निघणार होता. १० मार्च १९६५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो फेटाळला. सभागृहाला अवमानाची शिक्षा देण्याचा अधिकार आहे, ती कायद्याने ठरलेल्या पद्धतीने दिली गेली आणि शिक्षा किती असावी यावर न्यायालय अपील ऐकत बसणार नाही, असा निकाल लागला. केशव सिंह यांना राहिलेली शिक्षा भोगण्यासाठी पुन्हा कैदेत जावे लागले. अर्ज ऐकण्याचा न्यायालयाचा अधिकार शाबूत राहिला आणि शिक्षा देण्याचा विधानसभेचाही. न्यायाधीशांविरुद्धचे वॉरंट पुन्हा निघाले नाही.

विधिमंडळांच्या पीठासीन अधिकाऱ्यांचे मात्र समाधान झाले नव्हते. जानेवारी १९६५ मध्ये मुंबईत भरलेल्या त्यांच्या परिषदेने घटनादुरुस्तीची मागणी केली. विशेषाधिकारांना मूलभूत हक्कांचा किंवा न्यायालयांचा अडसर राहू नये, असा तिचा रोख होता. केंद्र सरकारने ती दुरुस्ती केली नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हाउस ऑफ कॉमन्सचे नाव अनुच्छेदातून काढले, पण दुरुस्ती लागू होण्यापूर्वी जे विशेषाधिकार होते तेच पुढे चालतील, अशी शब्दरचना केली. नाव गेले, आशय तसाच राहिला.

त्यामुळे वाद पुन्हा पुन्हा उफाळला. १९८७ मध्ये तमिळनाडू विधानसभेने एका व्यंगचित्राबद्दल ‘आनंद विकटन’च्या संपादकांना तीन महिन्यांची सक्तमजुरी सुनावली. देशभर इतका गदारोळ झाला की त्यांना लवकरच सोडावे लागले. २००३ मध्ये त्याच विधानसभेने ‘द हिंदू’च्या पत्रकारांना कैदेची शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. प्रश्नांसाठी पैसे घेतल्याबद्दल संसदेने डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांची हकालपट्टी केली. तेव्हा न्यायालयाची नोटीस स्वीकारायला लोकसभा अध्यक्ष सोमनाथ चॅटर्जी यांनी नकार दिला. २००७ मध्ये न्यायालयाने हकालपट्टी वैध ठरवली, पण सभागृहाचा निर्णय घटनेला सोडून असेल तर तो तपासण्याचा आपला अधिकार सोडला नाही. १९६४ चे मतच तिथे आधाराला आले.

महाराष्ट्रानेही हा अनुभव घेतला आहे. २०२० मध्ये विधिमंडळाच्या हक्कभंगाच्या नोटिशीविरुद्ध एका वृत्तवाहिनीचे संपादक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर विधिमंडळ सचिवालयातून त्यांना गेलेले पत्र न्यायालयात जाण्याबद्दल धाक घालणारे वाटते, म्हणून न्यायालयाने ते पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला अवमानाची नोटीस काढली. ५ जुलै २०२१ रोजी विधानसभेने भाजपच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन घटनाबाह्य ठरवले. सभागृहाचे कामकाज नीट चालावे म्हणून सदस्याला बाहेर ठेवता येते, पण ते चालू अधिवेशनापुरतेच. वर्षभर मतदारसंघाला प्रतिनिधीच नसणे ही मतदारांना शिक्षा ठरते. पुढे मार्च २०२४ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने लाच घेऊन दिलेल्या मताला किंवा भाषणाला विशेषाधिकाराचे कवच नाही, असा निर्णय दिला. सभागृहाचे काम चालण्यासाठी जेवढा लागेल तेवढाच विशेषाधिकार, ही कसोटी या निकालांनी हळूहळू पक्की केली आहे.

या सगळ्यात विधिमंडळांनी स्वतः करायचे काम मात्र मागे पडले. घटनेने त्यांना विशेषाधिकारांचा कायदा करायला सांगितले होते. तसा कायदा करावा, अशी शिफारस घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्या. वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये केली. २००८ मध्ये लोकसभेच्या विशेषाधिकार समितीने त्याची गरज नसल्याचे मत दिले. अवमान कशाला म्हणायचे, चौकशी कोणी आणि कशी करायची, जास्तीत जास्त शिक्षा किती, अपील कुठे, हे लिहून ठेवल्याने सभागृहाची प्रतिष्ठा कमी होणार नाही. उलट पत्रक वाटणाऱ्या नागरिकाला, बातमी छापणाऱ्या संपादकाला आणि वॉरंट बजावणाऱ्या अधिकाऱ्यालाही आपण कुठे उभे आहोत ते कळेल. संसदेने असा सर्वंकष कायदा अजून केलेला नाही.